जुनी पेट्रोल जीप तापून राहिली? रेडिएटर बदलायच्या आधी हे तपासा

राजेहो, विदर्भात जुनी जीप उभी करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा प्रश्न येतेच. बॉडीचं काम झालं, रंग मारून झाला, इंजिन बांधून आणलं आणि पहिल्याच लांब चकरीला काटा लाल पट्ट्यात. मग जो भेटते तो एक सल्ला देऊन जाते, कोणी म्हणते नवीन रेडिएटर टाका, कोणी म्हणते थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत त्याची वाट बंद ठेवणारी झडप) काढून फेका, कोणी म्हणते डिझेल इंजिन बसवा कटकटच मिटते. तिघांनीही गाडीला हात लावून पाहिलेला नसते. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी उष्णता कुठं अडकून राहिली ते शोधा, पैसे नंतर खर्च करा. इंजिनातून पाण्यात, पाण्यातून रेडिएटरमध्ये, रेडिएटरमधून हवेत, असा तिचा रस्ता आहे आणि या रस्त्यात कुठंतरी एका ठिकाणी (कधी कधी दोन) अडथळा असते. बहुतेक तपासण्या घरच्या घरी, पाना-पेचकस आणि एक थर्मामीटर एवढ्यावर होतात.

मी इथं सीजे-३बी जीप धरून लिहितो कारण आपल्याकडं गोठ्याच्या बाजूला नाहीतर सरकारी लिलावातून घेतलेली हीच जास्त सापडते. महिंद्रानं १९४७ पासून विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली, सीजे-३बी मॉडेल अमेरिकेत १९५३ ला आलं आणि आपल्याकडं नंतर कित्येक वर्षं बनत राहिलं. आत चार सिलिंडरचं हरिकेन पेट्रोल इंजिन, २१९९ सीसी. याची ठेवण एफ-हेडची आहे, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. जळालेला गॅस ब्लॉकमधूनच, पाण्याच्या जॅकेटला (ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीला) लागून बाहेर जाते, हे डोक्यात ठेवा, टायमिंगच्या (स्पार्क कधी पडते त्याच्या) वेळी कामी येईल. तुमची गाडी फियाट, अँबेसिडर नाहीतर जुना ट्रॅक्टर असेल तर आकडे बदलतील, तपासायचा क्रम हाच.

आधी सांभाळायच्या गोष्टी

गरम इंजिनचं रेडिएटर कॅप उघडायचं नाही, रेडिएटरचा वरचा रबरी नळा हातानं दाबून पाहा, कडक लागला तर आत प्रेशर आहे, थांबा. पाणी पूर्ण संपून इंजिन भट्टीसारखं तापलं असेल तर वरून थंड पाणी ओतू नका, ब्लॉक नाहीतर हेड तडकते आणि या इंजिनचा चांगला ब्लॉक आता सहज भेटत नाही. अर्धा तास, तास, जो लागेल तो जाऊ द्या. आणि उन्हाळ्यात आपण डोक्याला-गळ्याला दुपट्टा बांधून काम करतो, चालू इंजिनवर वाकायच्या आधी तो सोडून बाजूला ठेवा. फॅनला जाळी नसते या गाडीत.

खरंच तापते का, की फक्त काटा सांगते?

इथूनच सुरुवात करा, कारण जुन्या गाडीचा काटा हा सगळ्यात कमी भरवशाचा साक्षीदार. ६ व्होल्टची गाडी रिस्टोरेशनमध्ये १२ व्होल्टवर केली आणि मीटर जुनंच ठेवलं तर ते चुकीचं दाखवू शकते. सेंडर (इंजिनचं तापमान काट्याला कळवणारा भाग) दुसऱ्या गाडीचा बसवला असेल तरी चुकीचं. अर्थिंग कच्ची असेल, किंवा सेंडरच्या आट्यांवर टेफलॉन टेप गच्च गुंडाळली असेल तरी काटा भलतीकडंच जाते.

इन्फ्रारेड थर्मामीटर गन घ्या, ऑनलाइन भेटते, मेकॅनिक लाइनमध्ये कोणाकडं तरी असतेच. एक गोष्ट मात्र समजून घ्या, चकचकीत पितळेवर नाहीतर ॲल्युमिनियमवर ही गन कमी तापमान दाखवते. म्हणून जिथं मोजायचं तिथं काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा किंवा मॅट काळ्या रंगाचा ठिपका मारा आणि रोज त्याच ठिपक्यावर मोजा. चार जागा पक्क्या करा: थर्मोस्टॅट हाउसिंग, वरच्या नळ्याचं तोंड, खालच्या नळ्याचं तोंड, आणि ब्लॉकचा मागचा भाग चौथ्या सिलिंडरपाशी. हे चार आकडे वहीत लिहा, सोबत बाहेरचं तापमान आणि किती वेळ चालवली तेही.

हाउसिंगवर ८० ते ९० अंश आलं आणि काटा लालमध्ये असेल तर गाडी तापत नाहीये, मीटरचं काम करा. थर्मोस्टॅटवर ८२ छापलेलं असेल तर मे महिन्यात ९५ पर्यंत गेलं तरी घाबरायचं कारण नाही, पण त्याच्या वर सरकत राहिलं आणि थांबायचं नावच घेत नसेल तर दोष आहे.

इथं थोडं आपल्या उन्हाबद्दल. रेडिएटर किती उष्णता फेकते हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी ८५ आणि हवा २५ असेल तर फरक ६० अंशांचा, तेच अकोल्यात नाहीतर चंद्रपुरात ४५ अंशांच्या दुपारी फरक उरते ४०, म्हणजे तोच रेडिएटर एक तृतीयांश कमी काम करते. म्हणून डिसेंबरमध्ये ठणठणीत चालणारी जीप मे मध्ये तापली की दोष नवीन नसते, जुनाच असते, थंडीत झाकून राहते. त्यात उंचीचाही भाग आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, तिथं पाणी ९९ अंशांना उकळते, चिखलदऱ्याला ११०० मीटरच्या आसपास ते ९६ लाच उकळी धरते. परतवाड्याहून घाट चढताना इंजिनवर लोडही जास्त आणि पाणी उकळायला लवकर तयार, दोन्ही एकदम.

कधी तापते ते लिहून ठेवा

हा प्रश्न मेकॅनिकनं विचारला नाही तर तुम्ही स्वतःच सांगा. उभी असताना, बाजारात, रेल्वे फाटकावर तापते आणि चालू लागली की उतरते, तर हवेचा दोष समजा: फॅन, बेल्ट, फिन (रेडिएटरच्या पातळ पत्र्या), नाहीतर आयडलचं (रेस न देता उभ्या गाडीचं) टायमिंग. याच्या उलट गावात ठीक आणि हायवेवर अर्ध्या तासात तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही: रेडिएटर आतून बुजला, खालचा नळा चिपकते, पाण्याच्या पंपाचा पंखा खाल्लेला, नाहीतर मिक्श्चर पातळ (हवेच्या मानानं पेट्रोल कमी). चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच उसळी मारते तर थर्मोस्टॅट अडकला, आत हवा अडकली, नाहीतर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग) गेलं. फक्त चढावर आणि लोडवर तापते तर टायमिंग मागे आहे का आणि ब्रेक धरून ठेवते का ते पाहा.

आणि एक गोंधळ इथंच मिटवून टाकतो. दुपारी गाडी झटके देत बंद पडते, तासाभरानं आपोआप चालू होते आणि काटा मात्र मधोमध, हे इंजिन तापणं नाही. ही व्हेपर लॉकची गोष्ट आहे, पेट्रोल पाइपातच उकळून राहिलं. पाइप एक्झॉस्टपासून दूर घ्या, कूलिंगला हात लावू नका.

थंड गाडीवर पाहायच्या गोष्टी

कॅप उघडा आणि पाणी पाहा. लालसर चिखल म्हणजे गंज, पांढरा थर म्हणजे क्षार, वर तेलाचा तवंग म्हणजे वेगळीच चिंता. मग कॅपचं रबर पाहा, आणि मानेची आतली कड जिथं रबर बसते तिथं बोट फिरवा, खाच नाहीतर डेंट लागला तर नवीन कॅपही प्रेशर धरणार नाही. कॅप फक्त झाकण नाही, प्रेशर वाढवून ती पाण्याची उकळी वर नेते, ढोबळमानानं एका पौंड प्रेशरला दीड-पावणेदोन अंश. ७ पौंडाची कॅप नीट बसली तर साधं पाणी ११० अंशांच्या आसपास उकळेल, कॅप गळकी असली तर ९९ ला. पण म्हणून जुन्या रेडिएटरवर नव्या कारची १३-१५ पौंडाची कॅप लावू नका, पितळी टाकीचे झाळ सुटतात.

खालचा नळा हातात दाबून पाहा. हा पंपाच्या ओढीच्या बाजूला असते, आत तारेची स्प्रिंग पाहिजे, नसली तर जोरात रेस केल्यावर नळा आत चिपकते आणि पाणी बंद. उभ्या गाडीवर कळत नाही, गरम झाल्यावर दुसऱ्याला रेस करायला सांगा आणि तुम्ही बाजूनं नळ्याकडं पाहा. हायवेवरच तापणाऱ्या कित्येक गाड्यांचा दोष एवढाच असते.

बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबला की अर्धा इंच, फार तर पाऊण इंच दबला पाहिजे. चकाकी आली असेल, बाजू काचेसारख्या झाल्या असतील तर बदला, असा बेल्ट घट्ट असूनही घसरते. फॅनची पाती उलटी बसवली आहेत का पाहा, रिस्टोरेशनमध्ये हे खूप होते. उलटी लावली तरी हवा त्याच दिशेनं जाते म्हणून पटकन लक्षात येत नाही, पण जोर कमी पडते. पात्याचा फुगीर भाग ग्रिलकडं, पोकळ भाग इंजिनकडं. फॅनभोवतीचं पत्र्याचं कवच मूळ गाडीला असेल आणि कुठं भंगारात गेलं असेल तर शोधून बसवा.

आता फिन. आपल्या वावरातून गाडी गेली की कुटार, कुसळं, कापसाचा धुसमुसा सगळा रेडिएटरच्या पुढच्या अंगाला जाऊन बसते, बाहेरून जाळी साफ दिसते आणि दोन थरांच्या मधात गादी भरलेली. मागून टॉर्च लावा आणि पुढून पाहा, उजेड सारखा दिसला पाहिजे. धुवायचं ते इंजिनच्या बाजूनं पुढं, कमी प्रेशरनं. सर्व्हिस सेंटरची बंदूक जवळून मारली तर पितळी फिन झोपतात, त्या परत उभ्या करायला कंगवा घेऊन दिवस जाते. आणि नवीन रंग मारताना कोअरवर (रेडिएटरच्या नळ्या-फिनच्या जाळीवर) जाड ऑइल पेंट मारला असेल तर तोही उष्णता अडवते, पातळ काळा रंग पुरते.

थर्मोस्टॅट: काढून फेकू नका

आपल्याकडं गाडी तापली की पहिला हात यावरच पडते. "ह्या गरम भागात कायले पाह्यजे ते, काढून टाका भाऊ" असं सर्रास ऐकाल. माझं यावर ठाम मत आहे की काढू नये, तपासावं. थर्मोस्टॅट उघडल्यावर तो पाणी अडवत नाही, म्हणून चांगला थर्मोस्टॅट काढल्यानं इंजिनची थंड व्हायची ताकद विशेष काही वाढत नाही. काढून गाडी "बरी" वाटली तर दोनच शक्यता, एक तर तो खराब होता, मग नवीन टाका, नाहीतर दुसरा दोष आहे जो काही दिवस लपला. आणि थंड इंजिन कायम चालवलं तर पेट्रोल जास्त खाते, ऑइलमध्ये ओल साचून चिकट गाळ होते, सिलिंडर लवकर झिजतात. एवढ्या कष्टानं बोअर करून (सिलिंडर आतून कातून) घेतलेल्या इंजिनचं हे करू नका.

तपासायची रीत सोपी. एका गंजात (पातेल्यात) पाणी घ्या, थर्मोस्टॅट तारेनं लटकवा, तळाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर सोडा आणि गॅसवर ठेवा. अंगावर जो आकडा छापलेला आहे, ७१ असो की ८२, त्याच्या दोन-तीन अंश इकडं-तिकडं उघडायला लागला पाहिजे आणि अजून दहा-पंधरा अंश वर गेल्यावर पूर्ण. उकळत्या पाण्यातही बंद राहिला तर तुमचा आजार सापडला. बसवताना स्प्रिंगची नाहीतर कॅप्सूलची बाजू इंजिनकडं, उलटा बसवला तर तो वेळेवर उघडतच नाही. कडेला हवा सुटायचं बारीक छिद्र नसेल तर पाणी भरताना आत हवा अडकते, एक तीन मिलीमीटरचं छिद्र पाडून घ्यायला हरकत नाही.

आपलं पाणी, आणि ब्लॉकमधला गाळ

माझ्या मते विदर्भातल्या जुन्या गाड्यांचा सगळ्यात मोठा दोष हाच आहे आणि सगळ्यात कमी तपासला जाते. बोअरचं पाणी, त्यात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा, अकोला, अमरावती, बुलडाण्याचा तो भाग, तिथलं पाणी माणसांना पिववत नाही ते वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं गेलं. जडपणामुळं आत चुन्याचा थर चढते आणि खारेपणामुळं लोखंड लवकर गंजते. थर उष्णता जाऊ देत नाही, गंजाचा चुरा खाली बसून वाट बंद करते. आणि गाडी गोठ्यात पंधरा-वीस वर्षं उभी होती तेव्हा हा गाळ वाळून विटेसारखा झाला.

दर्यापूरकडच्या एका मित्राच्या जीपवर हे जवळून पाहायला भेटलं. रेडिएटर नवीन, पंप नवीन, थर्मोस्टॅट नवीन, तरी गाडी तापायची आणि मागचा चौथा सिलिंडर पुढच्यापेक्षा बराच गरम. ब्लॉकचा ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी) पूर्ण उघडला, रेडिएटर काठोकाठ भरलेला, आणि कॉकमधून एक थेंब नाही. तार घालून टोचत राहिलो तेव्हा आधी कोरडी तपकिरी पूड पडली, मग घट्ट चिखलाची वळी हळूहळू बाहेर यायला लागली, आणि मग एकदम पाण्याची धार, तिच्यासोबत पत्र्यासारखे गंजाचे पापुद्रे. बाजूच्या कोअर प्लग (ब्लॉकच्या भोकांवरच्या पत्र्याच्या टोप्या) काढल्यावर आत बोट घातलं तर सिलिंडरच्या भोवतीची अर्धी जागा भरलेली.

म्हणून ही तपासणी अजिबात सोडू नका, फुकट आहे. ब्लॉकचा कॉक उघडा आणि पाणी किती जोरात येते पाहा. नाही आलं किंवा थेंब थेंब आलं तर गाळ आहे. मग कोअर प्लग काढा, वाकवलेली तार, जुना स्पीडोमीटर केबलचा तुकडा, होज पाइप घेऊन मागून पुढं धूत या, चौथ्या सिलिंडरच्या मागचा कोपरा खास. इंजिन बांधायला दिलं तेव्हा ब्लॉक केमिकलमध्ये उकळून घेतला का हे मशीन शॉपला विचारा, बोअरिंग झालं म्हणजे जॅकेट साफ झालं असं नसते. आणि बांधताना पाण्याच्या वाटांमध्ये कोंबलेली चिंधी तशीच राहून गेली का तेही हाउसिंग काढून पाहून घ्या.

उरलेल्या थरासाठी लिंबूसत्व चालते, किराणा दुकानात भेटते. थर्मोस्टॅट काढून, एका लिटरला पंचवीस-तीस ग्रॅमचं पाणी भरा, गाडी गरम होऊ द्या, अर्धा-पाऊण तास, सोडून द्या, साफ पाणी येईपर्यंत धुवा, मग एकदा खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवून परत साध्या पाण्यानं. रात्रभर आत ठेवू नका. संडास साफ करायचं ॲसिड टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ते झाळ आणि पितळ दोन्ही खाते. एक इशारा आधीच देऊन ठेवतो, थर निघाला की ज्या प्लग गंजून फक्त थराच्या आधारानं उभ्या होत्या त्या गळायला लागतात. त्या तशाही गळणारच होत्या, वावरात गळण्यापेक्षा अंगणात गळलेल्या बऱ्या.

रेडिएटरची आतली तपासणी: गाडी गरम असताना कोअरवर गन फिरवा, वरून खाली तापमान हळूहळू उतरलं पाहिजे, मधात एखादा पट्टा एकदम थंड लागला तर त्या नळ्या बंद आहेत. वरच्या-खालच्या नळ्यातला फरकही बोलते. इंजिन तापलेलं आणि फरक खूप मोठा, वीस-पंचवीस अंश, तर पाणी हळू फिरून राहिलं. इंजिन तापलेलं आणि फरक जेमतेम दोन-तीन, तर पाणी फिरते पण हवा उष्णता नेत नाही. खात्री करायची तर रेडिएटर उतरवा, खालचं तोंड हातानं बंद करून भरा आणि हात काढा, पाणी भसकन पडलं पाहिजे. रेंगाळलं तर रेडिएटरवाल्याकडं न्या, टाकी उघडून सळई मारायला सांगा. तांबं-पितळेचा जुना कोअर दुरुस्त होते, त्याला भंगारात घालून ॲल्युमिनियमचा चायनीज आणायची घाई करू नका.

पंपाचं थोडक्यात. थर्मोस्टॅट उघडल्यावर वरून पाण्याला हालचाल दिसली पाहिजे आणि रेस केल्यावर वाढली पाहिजे. खालच्या बारीक छिद्रातून थेंब येत असतील तर सील गेलं. पुली हलवून खेळ पाहा. शंका असली तर उतरवा, आतला पंखा गंजून पाती अर्धी उरलेली किंवा शाफ्टवर सैल झालेला सापडते.

टायमिंग आणि मिक्श्चर

कूलिंगचं सगळं ठीक निघालं तर आता प्रश्न उलटा विचारा, इंजिन गरजेपेक्षा जास्त उष्णता तर करून नाही राहिलं? स्पार्क उशिरा पडला तर पेट्रोल उशिरा जळते, जळतच एक्झॉस्टच्या वाटेला लागते, आणि वर सांगितलं तसं या इंजिनात ती वाट ब्लॉकमधून पाण्याला लागून आहे. म्हणून एफ-हेडला मागे पडलेलं टायमिंग लवकर भोवते.

या इंजिनचं टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर येते त्या जागेच्या) ५ अंश आधी, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२, पॉइंट गॅप (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या पॉइंटमधलं अंतर) २० थाउ (इंचाचे हजारावे भाग) म्हणजे अर्धा मिलीमीटर, प्लग गॅप ३० थाउ. आधी पॉइंट गॅप, मग टायमिंग, क्रम उलटा केला तर दोन्ही बिघडतात. टायमिंग लाइट नसेल तर १२ व्होल्टचा छोटा बल्ब पुरते. कॉइलची मधली जाड वायर काढून अर्थ करा म्हणजे इंजिन दचकून चालू होणार नाही, बल्बची एक तार डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला, इग्निशन ऑन. आता हँडलनं इंजिन हळू फिरवा, पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर, खूण ५ अंशांवर येते त्याच क्षणी बल्ब पेटला पाहिजे. खूण निघून गेल्यावर पेटला तर टायमिंग मागे, डिस्ट्रिब्युटर रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेनं किंचित सरकवा. मग रोटर बोटानं पिळून सोडा, स्प्रिंगनं झटकन परत आला पाहिजे. चिकटला असेल तर आतली वजनं गंजली, आयडलला टायमिंग बरोबर आणि रस्त्यावर मागे, हे नुसत्या बल्बनं कळत नाही.

मिक्श्चरसाठी हायवेवर चालवून, बंद करून, प्लग काढा. हलका तपकिरी चांगला, चुन्यासारखा पांढरा म्हणजे पातळ. इनटेकच्या गॅस्केटमधून हवा ओढते का ते पाहा. आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असते, म्हणून साध्या पेट्रोलसाठी बनलेला कार्बोरेटरचा जुना जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) त्यावर पातळ चालते. एक नंबर मोठा जेट टाकून पाहणं योग्य, सोबत पेट्रोलचे रबरी पाइप आणि इंजिनवरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदाही बदला, जुनं रबर इथेनॉलनं फुगते. सायलेन्सर कुठं दबला नाही ना, आत गंजून बसला नाही ना, हेही वाकून पाहा.

हेड गॅस्केट

ही शंका सगळ्यांना पहिली येते, मी शेवटी ठेवली कारण हेड उघडणं महाग आणि वर सांगितलेलं सगळं स्वस्त. पण चालू केल्याबरोबर नळा कडक होते, गळती दिसत नाही तरी पाणी कमी होते, ऑइल दुधाळ आहे, एक प्लग धुतल्यासारखा साफ निघते, यातलं काही असेल तर हीच तपासणी करा. इंजिन पूर्ण थंड, थर्मोस्टॅट काढलेला, हाउसिंगच्या तोंडापर्यंत पाणी, फॅन बेल्ट काढून टाका म्हणजे पंप पाणी ढवळणार नाही. चालू करा आणि तोंडाकडं पाहा, मधून मधून रेस. एखाद-दुसरा बुडबुडा सुरुवातीला चालते, सारखी बुडबुड्यांची माळ येत राहिली तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येऊन राहिला. एका मिनिटाच्या वर चालवू नका.

नुकतंच बांधलेलं इंजिन असेल तर उघडायच्या आधी हेडचे बोल्ट तपासा, ६० ते ७० फूट-पौंड, मधातून बाहेरच्या क्रमानं. आणि या एफ-हेडमध्ये एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली, इनटेकच्या वाटेत आत लपलेला असते. वरून दिसत नाही, कार्बोरेटर काढल्याशिवाय पाना जात नाही, आणि ज्यानं हे इंजिन आधी बांधलं नाही त्याच्याकडून तो हमखास सुटते. तो ढिला राहिला की गॅस्केट तिथूनच जाते.

इंजिन सोडून

गाडी दहा किलोमीटर चालवून चारही चाकांच्या ड्रमला गन लावा, एखादा बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर ब्रेक धरून राहिला आणि इंजिन त्याच्याशी भांडून तापते. डांबरी रस्त्यावर फोर व्हील लागलेलं नाही ना पाहा. आणि गाडीकडून मागणी किती करता तेही पाहा. डिफरन्शियल ५.३८ चं आहे, मूळ मापाच्या टायरवर ८० च्या स्पीडला इंजिन मिनिटाला सव्वातीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरते. नागपूर-अमरावती हायवेवर मे च्या दुपारी नव्वदनं हाकली तर निर्दोष गाडीही तापेल, ही गाडी पन्नास-साठच्या स्पीडची आहे. नवीन बोअर केलेलं इंजिनही सुरुवातीला घट्ट असते, पहिले काही शे किलोमीटर थोडं जास्तच गरम राहते, ते आपोआप उतरते.

भरताना

दोष सापडला, काम झालं, आता परत बोअरचं पाणी ओतू नका. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणि चांगलं कूलंट अर्धं-अर्धं, सगळी सिस्टिम साधारण १० ते ११ लिटरची. गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा, कॅप उघडी, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत आयडलला चालू ठेवा, हवा निघाली की लेव्हल खाली जाते, परत भरा. जुनं कूलंट मातीत नाहीतर घमेल्यात ओतून ठेवू नका, ते गोड लागते आणि विषारी असते, कुत्रं, गोऱ्हा, बकरी तोंड लावते. झाकणाच्या कॅनमध्ये भरून लेकरांपासून दूर ठेवा.

मग त्याच चार ठिपक्यांवर परत मोजा: आधी अर्धा तास उभ्यानं आयडलला, मग वीस-पंचवीस किलोमीटर सपाट रस्ता पन्नासनं, मग एखादा चढ. आकडे जुन्या आकड्यांच्या बाजूला लिहा. घरी येऊन रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी पाण्याची लेव्हल पाहा, क्लिपा आवळा आणि हेड उघडलं असेल तर कार्बोरेटर काढून त्या लपलेल्या बोल्टसकट सगळे बोल्ट एकदा परत टॉर्क करा.